नेदरलँड्समध्ये मिश्र वस्तीत घर घेताना: आधी शेजारची घरं कुणाची ते विचारा

नेदरलँड्समध्ये एकाच गल्लीत, कित्येकदा एकाच जिन्यावर, तीन प्रकारची घरं असतात: मालकीची, खासगी भाड्याची आणि गृहनिर्माण संस्थेने कमी भाड्यात दिलेली. या संस्थेला इथे वोनिंगकॉर्पोरासी म्हणतात; पुढे नुसतं कॉर्पोरासी म्हणू. नफ्यासाठी नसलेल्या या संस्थांकडे देशातल्या घरांचा फार मोठा वाटा आहे. त्यातली काही घरं त्या विकायलाही काढतात. म्हणून आइंडहोवनचं वुन्सेल असो, अॅमस्टरडॅमचं बेल्मर असो की अॅमस्टलव्हीनमधली साठ-सत्तरच्या दशकातली इमारत, घर घेताना भिंतीपलीकडचा मालक कोण हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा ठरतो. छत, पाया, पन्हळ, मागची पायवाट यांचा खर्च त्याच्याबरोबर वाटून घ्यायचा असतो.

पुढचे आकडे २०२६ चे आहेत. करांच्या मर्यादा दर जानेवारीत बदलतात, तेव्हा व्यवहाराच्या वर्षाचा आकडा तपासून घ्या.

पहिलं पाऊल: कर्ज किती, आणि रोकड किती

घरं बघायला निघण्याआधी कर्ज सल्लागाराला भेटा. पहिली भेट बहुतेक ठिकाणी फुकट असते. कर्ज वार्षिक उत्पन्नावर ठरतं आणि घराच्या मूल्यांकनाच्या जास्तीत जास्त १०० टक्के मिळतं. नोकरीचा करार मुदतीचा असेल, तर मुदतीनंतर कायम करण्याचा इरादा असल्याचं कंपनीचं पत्र लागतं. केनिसमिग्रांट म्हणजे कुशल परदेशी नोकरदाराच्या परवान्यावर असणाऱ्यांना काही बँका पूर्ण कर्ज देतात, काही कमी टक्के देतात, तर काही नाहीच म्हणतात. परदेशातून आणलेल्या नोकरदारांना मिळणाऱ्या ३० टक्के करसवलतीमुळे हातात येणारा जादा पगार धरायचा की नाही, हेही प्रत्येक बँक आपापलं ठरवते. एका बँकेने नकार दिला म्हणून दार बंद झालं असं समजू नका. अनेक बँकांबरोबर काम करणारा स्वतंत्र सल्लागार यासाठीच घ्यायचा.

भारतातल्या फ्लॅटचा हप्ता चालू असेल तर तो अर्जात सांगावाच लागतो. इथल्या कर्जनोंदणीत तो दिसत नाही म्हणून लपवला आणि पुढे बँक स्टेटमेंटमध्ये सापडला, तर मंजूर झालेलं कर्जही अडकतं. इथल्या नोंदणीत खासगी लीजची गाडी आणि न वापरलेली ओव्हरड्राफ्ट मर्यादासुद्धा धरली जाते. नको असलेली मर्यादा अर्जाआधी बंद करून घ्या.

आता रोकड. इथे सगळ्यांची फसगत होते ती याच ठिकाणी. किमतीपुढे ‘के.के.’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ व्यवहाराचा खर्च घेणाऱ्याचा, आणि त्यासाठी कर्ज मिळत नाही. समजा तुमची ४,४०,००० युरोची बोली लागली आणि मूल्यांकन ४,२५,००० आलं. मधले १५,००० खिशातून. हस्तांतरण कर २ टक्के म्हणजे ८,८००. एनएचजी ही कर्जहमी घेतली तर कर्जाच्या ०.४ टक्के, म्हणजे १,७००. मूल्यांकन सुमारे ७००, नोटरी १,५००, कर्ज सल्लागार ३,०००, तुमच्या बाजूचा एजंट ४,०००, इमारत तपासणी ५००, बँक हमी ४४०. बेरीज होते ३५,६४०. यात रंग, फरशी, पडदे काहीच नाही. इथे घर रिकामं करताना पुष्कळ लोक जमिनीवरचं लॅमिनेटसुद्धा उचलून नेतात.

हस्तांतरण करात तरुणांना मोठी सूट आहे. वय ३५ च्या आत, घर ५,५५,००० युरोपर्यंतचं आणि स्वतः राहायचं असेल, तर कर शून्य. सूट आयुष्यात एकदाच मिळते. नवरा ३६ चा आणि बायको ३३ ची असेल, तर निम्म्या हिश्शावर कर पडतो; वरच्या उदाहरणात ४,४००. वय नोटरीकडे सही होते त्या दिवशीचं धरतात, करार झाला त्या दिवशीचं नाही. पस्तिसावा वाढदिवस जवळ असेल तर ताब्याची तारीख बोलीतच मागून घ्या.

एनएचजीची मर्यादा ४,७०,००० युरो आहे. तिच्यामुळे व्याजदर कमी लागतो. शिवाय नोकरी गेली किंवा घटस्फोट झाला आणि घर तोट्यात विकावं लागलं, तर अटींमध्ये बसणारं उरलेलं कर्ज हमीतून भागतं. मिश्र वस्तीतली बरीच घरं या मर्यादेत बसतात, आणि आमच्या मते बसत असेल तर ती घ्यावीच.

आईवडिलांकडून मदत येणार असेल तर भारतातून माणशी दर आर्थिक वर्षी २,५०,००० डॉलर पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस हा आगाऊ कर कापते. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकून पडतात. डच बँक आणि नोटरी दोघंही पैसा कुठून आला ते विचारतील, म्हणून देणगीपत्र आणि दोन्ही बाजूंची स्टेटमेंट जपून ठेवा. हे पैसे हाती यायला काही आठवडे लागू शकतात, तेव्हा बोली लावण्याआधीच हालचाल सुरू करा.

दुसरं पाऊल: शेजारी मालक कोण

फ्लॅट घेत असाल तर व्हीव्हीई समजून घ्या. ही मालकांची संघटना, आपल्याकडच्या सोसायटीसारखी, आणि फ्लॅट घेतला की तुम्ही आपोआप सभासद होता. एक फरक मात्र मोठा आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायटीत एका सभासदाला एक मत. इथे मतं प्रत्येक फ्लॅटमागे विभाजन करारात, म्हणजे इमारतीची फ्लॅटांत वाटणी करणाऱ्या दस्तात, ठरवून दिलेली असतात. ४० पैकी २६ फ्लॅट कॉर्पोरासीकडे असतील, तर साध्या बहुमताचे निर्णय तीच घेते. तुम्ही सभेला गेलात किंवा नाही गेलात, तरीही.

हे वाईटच असतं असं नाही. कॉर्पोरासी वर्गणी थकवत नाही, छत वेळेवर दुरुस्त करते, हिशोब नीट ठेवते. त्रास कधी होतो? तिने पूर्ण इमारतीचं ऊर्जा नूतनीकरण ठरवलं की तुमच्या हिश्शाचे पैसे तुम्हाला उभे करावे लागतात. किंवा तिने फ्लॅट एकेक करून विकायला काढले, खरेदीदारांमध्ये भाड्याने देणारे जास्त निघाले आणि सभेला कुणी फिरकेनासं झालं, की देखभाल थंडावते. म्हणून विक्रेत्याच्या एजंटला लेखी विचारा: एकूण मतं किती, कॉर्पोरासीकडे किती, ती या इमारतीतली घरं विकते आहे की ठेवणार आहे.

त्यासोबत मागायची कागदपत्रं: विभाजन करार आणि नियमावली, शेवटच्या तीन सभांची इतिवृत्तं, ताळेबंद, दीर्घकालीन देखभाल आराखडा, इमारतीचा विमा. कायद्याने व्हीव्हीईने राखीव निधीत दरवर्षी आराखड्याप्रमाणे किंवा इमारत पुन्हा बांधण्याच्या खर्चाच्या किमान ०.५ टक्के रक्कम टाकायला हवी. हिशोब स्वतः करा. २४ फ्लॅटची इमारत, पुनर्बांधणी खर्च ५० लाख युरो, तर वर्षाला २५,००० आणि फ्लॅटमागे महिन्याला सुमारे ८७ युरो नुसते राखीव निधीसाठी. जिन्याचा दिवा, सफाई, विमा, लिफ्ट वेगळी. अशा इमारतीची जाहिरात ‘मासिक वर्गणी फक्त ६५’ म्हणत असेल, तर ते पैसे पुढे एकरकमी मागितले जातील, आणि तेव्हा मालक तुम्ही असाल. आधीच्या मालकाने थकवलेली वर्गणीही चालू आणि मागच्या हिशोब वर्षापुरती नव्या मालकावर येऊ शकते. नोटरी त्याचं पत्र मागवतो. ते वाचल्याशिवाय सही करू नका.

इतिवृत्त डचमध्ये असतं. भाषांतराच्या अॅपमध्ये टाका आणि गळती, लिफ्ट, छत, पाया, अॅस्बेस्टॉस, थकबाकी हे विषय कितीदा आले ते मोजा. एकच गळती तीन वर्षं तिन्ही सभांत असेल, तर त्या व्हीव्हीईत निर्णय होत नाहीत.

रो-हाऊसला व्हीव्हीई नसते. पण सहा घरांच्या रांगेतली चार कॉर्पोरासीची आणि दोन विकलेली, असं ठिपक्याठिपक्यांनी विखुरलेलं चित्र फार दिसतं. कॉर्पोरासी तिच्या चार घरांची छतं बदलते, तुमचं सोडून. तुमच्या कौलांचा आणि शेजारच्या नव्या जाड छताचा जोड नीट बसला नाही की पाणी तिथूनच शिरतं. तेव्हा येत्या पाच वर्षांतला दुरुस्तीचा बेत कॉर्पोरासीला फोन करून विचारा, आणि त्यांच्याच कंत्राटदाराकडून त्याच वेळी आपलं काम करून घेता येईल का तेही विचारा. एकट्याने परांची उभी करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. मागची पायवाट कुणाच्या नावावर आहे आणि तिथून जाण्याचा हक्क कागदावर आहे का, ते कडास्टर या भूमी अभिलेख कार्यालयात काही युरोंत कळतं.

कॉर्पोरासीकडून थेट घर घेत असाल तर सवलतीच्या अटी बघा. कोपखारांट नावाच्या योजनेत घर बाजारभावापेक्षा स्वस्त मिळतं, पण विकताना कॉर्पोरासीलाच परत द्यावं लागतं आणि नफा-तोटा दोघांत वाटला जातो. सात-आठ वर्षं राहायचं असेल तर ते चांगलं. गुंतवणूक म्हणून नाही. स्वतः राहण्याची अट तर बहुतेक करारांत असतेच.

भाड्याने देण्याचा विचार असलेल्यांनी इथेच थांबून वाचावं. ‘पाच वर्षांनी पुण्याला परत गेलो तर घर भाड्याने देऊ’ हे गणित इथे सहसा जमत नाही. बँकेच्या परवानगीशिवाय भाडेकरू ठेवता येत नाही. शिवाय २०२२ पासून नगरपालिका ठरावीक भागांत आणि किमतींत खरेदीनंतर चार वर्षं भाड्यावर बंदी घालू शकते, आणि मिश्र वस्त्या बरेचदा त्याच भागांत येतात. मुळात भाड्यासाठीच घेतलं तर हस्तांतरण कर २ नव्हे, ८ टक्के.

तिसरं पाऊल: पाया आणि जमीन

पश्चिम आणि उत्तर नेदरलँड्समध्ये जमीन मऊ आहे. १९७० च्या आधीची बरीच घरं लाकडी पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल ठोकलेल्या खांबांवर, उभी आहेत. भूजल खाली गेलं की पाइलचं वरचं टोक उघडं पडतं, त्याला हवा लागते आणि बुरशी लाकूड खाते. पाण्याखाली असेपर्यंत तेच लाकूड शंभर वर्षं टिकतं. रॉटरडॅम, झानस्टाड, खौडा, डॉर्ड्रेख्ट इथल्या जुन्या रांगांमध्ये ही तपासणी टाळूच नका. पाया बदलायला एका घरामागे एक लाख युरोच्या घरात खर्च जाऊ शकतो, आणि साधा गृहविमा तो देत नाही.

खुणा कशा ओळखायच्या? विटांच्या सांध्यांतून पायरीसारख्या चढत गेलेल्या भेगा. दारं-खिडक्या वरच्या कोपऱ्यात अडकतात. जमिनीवर गोटी ठेवली तर घरंगळते. मात्र नुकताच रंग आणि नवं लॅमिनेट असेल तर आतून काहीच दिसत नाही. म्हणून रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पूर्ण रांगेच्या खिडक्यांची खालची रेषा बघा. ती वाकलेली असेल तर लगेच कळते. मग नगरपालिकेच्या संग्रहातून त्या रांगेचा पाया तपासणी अहवाल मागवा. सामान्य इमारत तपासणीत पाइल खोदून बघत नाहीत, हे अनेकांना सही झाल्यावर समजतं.

मिश्र मालकीची गुंतागुंत इथे सगळ्यात जास्त बोचते. रांगेला पाया एकच असतो. एका घराखाली नवा पाया घातला आणि शेजारचं खचत राहिलं, तर मधली भिंत फाटते. सगळ्यांनी मिळून काम करावं लागतं, आणि कॉर्पोरासीने तो ब्लॉक पाडायचं ठरवलेलं असेल तर ती पैसे का घालेल? नगरपालिकेचा पाडकाम आणि नूतनीकरणाचा आराखडा जाहीर असतो. बोलीच्या आधी तो शोधा.

जमीन स्वतःची आहे की एर्फपाख्ट म्हणजे दीर्घ भाडेपट्ट्याची, तेही बघा. अॅमस्टरडॅम १८९६ पासून जमीन अशीच देतं. जाहिरातीत ‘अमुक सालापर्यंत भरलेलं’ लिहिलेलं असतं. ते साल जवळ असेल तर पुढचं भाडं नव्याने ठरेल, आणि बँक कर्ज देताना ते मोजते. पट्टा नगरपालिकेचा नसून खासगी मालकाचा असेल तर काही बँका कर्जच देत नाहीत.

चौथं पाऊल: घर आणि वस्ती पाहणं

घर दाखवायला वीस मिनिटं मिळतात. वस्ती तुम्ही हवी तितकी बघू शकता. तीनदा जा: कामाच्या दिवशी सकाळी आठला, शुक्रवारी रात्री दहानंतर, आणि एका पावसाळी दिवशी. जमिनीखालच्या कचराकुंडीच्या तोंडाशी पिशव्या आणि गाद्या पडल्या आहेत का, जिन्याचं खालचं दार बंद होतं का, टपालपेट्यांवर नावं आहेत का, एवढ्यावरून इमारतीची काळजी कोण घेतं ते समजतं. सरकारचं लेफबारोमेटर हे संकेतस्थळ वस्तीची राहण्यायोग्यता नकाशावर दाखवतं. त्यातल्या एका रंगापेक्षा मागच्या काही वर्षांत वस्ती सुधारली की घसरली ते बघा.

मिश्र वस्ती म्हटल्यावर आपल्यातले पुष्कळ जण आधीच नाक मुरडतात. ते चूक आहे. हेगच्या ट्रान्सफालमध्ये सुरिनामी हिंदुस्तानी लोकांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या पूर्वजांना १८७३ पासून कलकत्त्याहून मजूर म्हणून सुरिनामला नेलं होतं. पॉल क्रूगरलानवर भाजी, मसाले, साड्या, मिठाई सगळं पायी मिळतं. ट्राम, दवाखाना, शाळा हाकेच्या अंतरावर असणं हे अशा वस्त्यांचं बळ आहे, आणि त्याच पैशांत खोली एक जास्त मिळते.

घरात शिरल्यावर आधी स्वयंपाकघर बघा. बऱ्याच फ्लॅट इमारतींत सगळ्यांची हवा एका सामाईक नळीतून छतावरच्या पंख्याने ओढली जाते. त्या नळीला मोटरची चिमणी जोडायला मनाई असते, कारण तुमच्या फोडणीचा वास वरच्या घरात ढकलला जातो. तिथे कार्बन फिल्टरची, हवा घरातच फिरवणारी चिमणी लागते, आणि तिचा जोर कमी असतो. रोजचा स्वयंपाक तेला-मसाल्याचा असेल तर हा मुद्दा पाहणीतच विचारा. जुलै २०१८ पासून बांधकाम परवाना मागितलेल्या नव्या घरांना गॅस नाही. जुन्या घरातही इंडक्शन बसवायचं तर मीटर तीन फेजचा आहे का बघा. नसेल तर कधीकधी वीजजाळं चालवणाऱ्या कंपनीकडे अर्ज करावा लागतो, आणि काही भागांत बराच काळ थांबावं लागतं.

जमिनीचा नियमही असाच. अनेक व्हीव्हीई नियमावलींत फरशी किंवा लॅमिनेटखाली आवाज १० डेसिबलने कमी करणारा थर सक्तीचा असतो. आधीच्या मालकाने तो घातला नसेल आणि खालच्या घरातून तक्रार आली, तर जमीन उखडण्याचा खर्च तुमचा. पावती मागा.

बाकी भराभर: १९९४ च्या आधीच्या घरात अॅस्बेस्टॉस, १९६० च्या आधीच्या घरात शिशाचे पाण्याचे पाइप, सामाईक हीटिंगचा शेवटचा वार्षिक हिशोब, पार्किंग परवान्याची प्रतीक्षा यादी. ऊर्जा लेबल, म्हणजे घर ऊर्जा किती वाचवतं याची श्रेणी, कर्जाशीही जोडलेलं आहे: ए किंवा बी लेबलला १०,००० युरो जास्त कर्ज मिळू शकतं, ई ते जी लेबलला काही नाही. मात्र त्या खालच्या लेबलच्या घरात ऊर्जा बचतीच्या कामासाठी २०,००० पर्यंत वेगळे धरता येतात.

पाचवं पाऊल: बोली आणि करार

जाहिरातीतली किंमत ही बोलीला दिलेलं आमंत्रण असतं. तेवढी रक्कम देऊ केली तरी विक्रेता नाही म्हणू शकतो. बोली बहुधा बंद लिफाफ्याची, एकदाच लावायची, ठरलेल्या दिवशी दुपारी बारापर्यंत. तुमचा माकेलार म्हणजे एजंट आसपासच्या अलीकडच्या विक्री किमती काढून देतो. मिश्र वस्तीत त्यांची गरज जास्त, कारण रस्ता ओलांडला की भाव बदलतो. टोकन देऊन घर अडवायची पद्धत इथे नाही, आणि तोंडी होकाराने खासगी खरेदीदार बांधला जात नाही. विक्रेताही नाही.

बोलीत तीन अटी लेखी घाला: कर्ज मिळालं तरच, तपासणीत ठरावीक रकमेपेक्षा जास्त दुरुस्ती निघाली नाही तरच, आणि हमी हवी असेल तर एनएचजी मिळाली तरच. गर्दी असली की ‘अट न घालता बोली लावा, जिंकाल’ असा सल्ला मिळतो. कर्जाची अट सोडू नका. कर्ज नाकारलं गेलं आणि अट नसेल, तर किमतीच्या १० टक्के दंड. वरच्या उदाहरणात ४४,००० युरो. तपासणीची अट सोडायचीच असेल, तर बोलीच्या आधी तपासणी करून घ्या. पाचशे युरो गेले तरी चालतील.

करारावर सही झाल्यावर त्याची प्रत हातात पडली की दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस विचाराला मिळतात. त्यात कारण न देता माघार घेता येते. ही मुभा फक्त घेणाऱ्याला. त्यानंतर तारखांची शिस्त: १० टक्के अनामत किंवा बँक हमी ठरल्या दिवशी, कर्जाच्या अटीची मुदत बहुधा सहा आठवडे. मुदत संपायच्या आठवडाभर आधी बँकेचं पत्र आलं नसेल, तर मुदतवाढ लेखी मागा. मुदत उलटल्यावर मागितलेली माघार धरली जात नाही.

करारातल्या जुनेपणाच्या आणि अॅस्बेस्टॉसच्या कलमांनी दोषांची जबाबदारी तुमच्यावर सरकते. ‘विक्रेता इथे कधी राहिला नाही’ हे कलम कॉर्पोरासीच्या घरांत हमखास असतं. म्हणजे गळतीबद्दल विचारलंत तर उत्तर ‘माहीत नाही’ असंच येणार; अशा घरात तपासणी दुप्पट कसून करा.

सहावं पाऊल: नोटरीचा दिवस आणि नंतर

नोटरी बहुतेक वेळा तुम्हीच निवडता. डच समजत नसेल तर दुभाषा लागतो. त्याचे काही शे युरो आधीच धरा. सहीच्या दिवशी सकाळी घराची शेवटची पाहणी होते. यादीत ‘राहणार’ लिहिलेलं सामान जागेवर आहे का, नळ-हीटिंग-फ्लश चालतात का हे बघा आणि मीटरचे फोटो काढा. काही बिघडलं असेल तर तिथेच लेखी नोंदवा आणि नोटरीकडे थोडी रक्कम रोखून धरायला सांगा. सही झाल्यावर मागणं अवघड. रो-हाऊसचा विमा त्याच दिवसापासून सुरू हवा. फ्लॅटच्या इमारतीचा व्हीव्हीईकडे असतो.

राहायला गेल्यावर पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता बदला. फेब्रुवारीच्या सुमारास घराचं सरकारी मूल्य कळवणारं वोझ पत्र येतं. ते जास्त वाटलं तर सहा आठवड्यांत हरकत घेता येते. शेजारच्या घरांची वोझ किंमत संकेतस्थळावर फुकट बघता येते, आणि हरकतीत तीच उपयोगी पडते. आवाजावरून किंवा कुंपणावरून शेजाऱ्याशी वाजलं, तर बऱ्याच नगरपालिकांत बुर्टबेमिडलिंग नावाची फुकट मध्यस्थी सेवा आहे. कॉर्पोरासीचा भाडेकरू असेल तर तक्रार तिच्याकडेही नेता येते. पण त्याआधी, सामान लावून झालं की, दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या-खालच्या घरांची बेल वाजवा, नाव सांगा, फोन नंबर द्या. वरच्या घरातून पाणी गळायला लागेल तेव्हा पहिला फोन त्यांनाच करायचा आहे.